मिठाची गुळणी

काटेसाहेबांच्या मुलीचं लग्न डोंगरावर ठरलं, साडेसात हजार फुटांवर. काटेसाहेबांच्या फुप्फुसांना मात्र डॉक्टरांनी पाच हजारांच्या वर जायला मनाई केली होती.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं त्यांनी बाजारातले काटे तपासले, तेव्हा दुकानदारांनी ठेवलेलं हे नाव. निवृत्त झाल्यावर हातातला काटा सुटला, जिभेवरचा राहिला.

"चौदाच माणसं आहेत, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "तुम्हाला वरची हवा झेपायची नाही. मी फोनवर दाखवते ना सगळं."

"चौदा म्हणजे मला धरून की सोडून?"

"सोडून."

उत्तर शोधायला तिला वेळ लागला नाही. दोन महिन्यांपूर्वी तिने स्वतःहून फोन करून विचारलं होतं, 'डॉक्टर नक्की किती फूट म्हणाले?' अंदाजपंचे बोलणं काटेसाहेबांना खपत नसे. पोरगी नेमका आकडा विचारते याचंच त्यांना कौतुक वाटलं होतं. बायकोला त्यांनी ते दोनदा सांगितलंही होतं.

लग्नाला जायचं म्हणजे जायचंच, असं त्यांनी ठरवलं. शेजारीपाजारी विचारत होते, "पोरीच्या लग्नाला बाप नाही?" आणि ते त्यांना लागत होतं. पण तेवढंच नव्हतं. मुलगी एकच, तिच्या लग्नात आपण खुर्चीवर बसलेलो असावं, एवढं त्यांना साधं हवं होतं. तीन महिने ते रोज सकाळी इमारतीच्या गच्चीवर घड्याळ लावून चालले. शेवटी डॉक्टर कंटाळले आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: दोन रात्री फक्त, वाटेत एक मुक्काम, ऑक्सिजनचं यंत्र सोबत, जिने चढायचे नाहीत.

"अहो, ती नको म्हणतेय ना?" बायको बॅग भरता भरता म्हणाली.

"काळजीपोटी म्हणतेय."

बायकोने बॅगेची चेन ओढून घेतली.

हॉटेल बारा खोल्यांचं होतं, लाकडी. दारातच बुटांची मांडणी आणि आत हीटर. टॅक्सीतून आईपाठोपाठ बाबा उतरताना पाहून मुलगी पायरीवरच थांबली. काटेसाहेबांच्या खांद्याला डब्याएवढं यंत्र, नाकात नळी आणि हातात चिठ्ठी, एखाद्या दुकानदाराला नोटीस द्यावी तशी. तिने ती घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

"दोन रात्री," ती म्हणाली.

"दोनच. तळमजल्यावर खोली बघ." मग त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते हसले. "अंगाने भरलीस गं. लग्न होईपर्यंत तरी दम धरायचा!"

आधीच वर पोचलेला तिचा थोरला भाऊ सामान घ्यायला आला होता, तो बॅगेचा पट्टा उगाच कमीजास्त करत राहिला. मुलगी म्हणाली, "मी खोलीचं बघते," आणि आत गेली.

दुपारी विहीणबाई चहा घेऊन आल्या. बाई जन्मभर मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या. बोलणं मोकळं, हात सतत दुसऱ्याच्या उशा नीट करणारे.

"तुम्ही आलात, फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला मेलीला रुखरुख लागून राहिली होती. आम्ही खालचं ठिकाण सुचवलं होतं हो, नदीकाठचं. गाडी थेट दारात. म्हटलं, व्याहीबुवांना त्रास नको. पण तुमची लेक ऐकेचना! याहून खाली नकोच म्हणाली. हौस म्हणायची, दुसरं काय!"

काटेसाहेबांनी कप बशीत ठेवला. पाच हजार आणि साडेसात हजार. नदीकाठचं ठिकाण किती फुटांवर आहे, असं त्यांनी विचारलं.

"अहो, ते कोण मोजतंय? तीनेक हजार असेल."

विहीणबाई गेल्यावर ते भिंतीला धरून मुलीच्या खोलीपर्यंत गेले. खोली तळमजल्यावरच होती, पण बोळ लांब. ती कपाटासमोर उभी होती. लग्नाचा पोशाख कपाटाच्या दाराला टांगलेला.

"उंची माझ्यासाठी निवडलीस?"

"हो."

एवढ्या सरळ उत्तराची त्यांना सवय नव्हती. पकडलेला दुकानदारसुद्धा आधी देवाची शपथ घ्यायचा.

"मी आलेलं नको होतं, तर तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता. नाकावर टिच्चून." ती पलंगावर बसली. "तसंही आलातच म्हणा."

"पण मी केलं काय तुला?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. खरंच विचारतायत का, हे ती बघत असावी. खरंच विचारत होते.

"स्वयंपाकघराच्या दारावरचे आकडे आठवतात?"

आठवत होते. घरात त्यांनी मोठा तबकाचा काटा आणून ठेवला होता, स्वतः तपासून शिक्का मारलेला. ती नऊ वर्षांची असल्यापासून दर रविवारी त्यावर उभी राहायची आणि ते खडूने आकडा दारावर लिहायचे. पाहुणे आले की तारखांसकट वाचून दाखवायचे. सतरा वर्षांची होईपर्यंत. पाहुणे हसायचे, कारण काटेसाहेब गमतीने सांगायचे.

"अगं, ती थट्टा होती. आणि खोटा आकडा तर एकही लिहिला नाही मी."

"नाही. एकही नाही."

काटेसाहेबांची नजर पोशाखाकडे गेली आणि जिभेला हाड नाही म्हणतात तसं झालं. "शिवणीत दोन बोटं जास्तीची सोडायला सांगितलीस ना?"

मुलगी उठली. तिने दार उघडून धरलं.

"उद्या बसा तुम्ही. पंधरावी खुर्ची मांडायला सांगते. पण एक अट. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. चांगलाही नाही. 'वा' सुद्धा नाही. अर्धा तास तुमचा आवाज न ऐकता मला माझं लग्न हवंय. जमेल?"

"न जमायला काय झालं? मिठाची गुळणी धरतो."

"धरा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काचेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. चौदा सारख्या, पंधरावी स्वयंपाकघरातली. विवाह नोंदणी अधिकारी रजिस्टर घेऊन खालून आला होता. त्याचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. काटेसाहेबांनी गिळलं. जावयाच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं. गिळलं. दुसऱ्या रांगेतली तिसरी खुर्ची वीतभर पुढे आली होती, तेही गिळलं. मग मुलगी आली. पोशाख तिच्या अंगावर नेमका बसला होता, कुठे सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही. हे तिला सांगावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. 'चांगलाही नाही' हे शब्द आठवून त्यांनी ओठ मिटले. बायकोने वळून पाहिलं, तर साहेब शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखे ताठ बसलेले.

अधिकाऱ्याने कागद वाचून दाखवले. सह्या करण्याआधी दोन्ही घरांनी दोन शब्द बोलावेत, अशी जावयाची कल्पना होती. त्याचे वडील बोलले, हसले, डोळे पुसून बसले. मग विहीणबाई वळल्या.

"आता व्याहीबुवा! एवढा डोंगर चढून आलात, दोन शब्द हवेतच."

काटेसाहेबांनी मान हलवली.

"लाजताय काय नवऱ्या मुलासारखे? बोला की!"

सगळे हसले. काटेसाहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती, पण चेहऱ्यावर ना हो, ना नाही. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. चेहरा लाल झाला होता. चौदा माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत आणि आपण गप्प, हा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

विहीणबाईंचं हसू मावळलं. तीस वर्षं लाल चेहरे आणि तोंडाशी गेलेले हात पाहिलेली बाई ती.

"अहो, यांना बोलता येत नाहीये!"

क्षणात खुर्च्या सरकल्या. विहीणबाईंनी यंत्राची कळ फिरवली, गळ्याचं बटण काढलं, ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावला. बोट गार पडलेलं. चिमट्यावर नुसत्या दोन रेघा. "आकडा येत नाहीये. बोला, व्याहीबुवा! नाव सांगा तुमचं!"

काटेसाहेब दोन्ही हात हलवू लागले. नाही, नाही.

"घाबरलेत. असंच होतं श्वास कमी पडला की."

'मी ठीक आहे' हे तीन शब्द. बोललं तर अर्धा तासही तोंड आवरलं नाही, असं ठरतं. नाही बोललं तर उचलून नेतात. त्यांनी पुन्हा मुलीकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तिनेच घातलेली अट, तिनेच एका वाक्यात सोडवावी, म्हणजे सगळे हसतील आणि सगळं पुन्हा सुरू होईल. ती दोन पावलं पुढे आली.

"काय करायला हवं?" तिने सासूला विचारलं.

"खाली न्यायला हवं. लगेच."

"मग न्या."

थोरल्याने आणि जावयाने खुर्चीसकट त्यांना उचललं. गाडी दाराशी आली. कुणी सोबत जायचं यावर एक मिनिट गेलं. थोरल्याची साक्षीदार म्हणून सही होती, दुसरी सही मुलीच्या आईची. "मी येते," विहीणबाई म्हणाल्या, तर मुलगी त्यांना म्हणाली, "आई, तुम्ही नसलात तर मी सही करणार नाही." विहीणबाई विरघळल्या. खालच्या दवाखान्यात फोन केलाय, ड्रायव्हर विश्वासू आहे, पाऊण तासाचा रस्ता, असं ठरलं.

बायको खिडकीशी आली. तिने त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला, टोकं कोटात खोचली. अडतीस वर्षं ती त्यांच्या शेजारी झोपत आली होती. त्यांचा श्वास अडकला की कसा वाजतो, हे तिला डॉक्टरांपेक्षा ठाऊक होतं.

"अहो, तुम्हाला काही झालेलं नाही," ती हळू म्हणाली. "मला कळतंय. जा."

आणि ती व्हरांड्याकडे वळली.

गाडी निघाली. पहिल्या वळणापर्यंत काटेसाहेबांनी तोंड मिटूनच ठेवलं. दुसऱ्या वळणावर ते म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे."

ड्रायव्हर दचकला. "सकाळीच भरलीय, साहेब."

"कमी आहे."

ड्रायव्हरने आरशात पाहिलं, वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. "साहेब, तुम्ही तर चांगले बोलताय. मग परत फिरू का? पाच मिनिटांत पोचवतो. सह्या अजून व्हायच्या असतील."

काटेसाहेबांनी उत्तर दिलं नाही. ड्रायव्हरने थोडी वाट पाहिली, पुन्हा एकदा विचारलं, आणि गाडी उतारावर सोडली.