घरची वांगी

फुकटचं पाणी दिसलं की आप्पासाहेबांना धीर निघत नाही. वाळूजच्या कारखान्यांमागून येणारा नाला त्यांच्या शेताला खेटून वाहतो, म्हणून त्यांनी सरळ त्यातच मोटार सोडली. मातीत कॅडमियम हा विषारी धातू निघाला तेव्हा मी समजावून पाहिलं.

"सुलेखाताई, ते पाणी म्हंजी टॉनिक हाय," ते म्हणाले. असल्या माणसाशी कोण डोकं फोडणार?

हर्सूलला माझं मित्रकीटक वाढवण्याचं छोटंसं केंद्र आहे. वांग्यावरची मावा ही कीड खाणारे ठिपकेदार ढालकिडे मी त्यांच्या शेतात सोडले. मावा झाडातला विषारी रस पिऊन टुणटुणीत राहिला. त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांच्या अंगात मात्र ते विष साठत गेलं. अळ्या सुकून मेल्या, मोठ्यांनी अंडीच घातली नाहीत.

आप्पासाहेबांना तेवढंच हवं होतं. माझी फजिती करायला त्यांनी अख्ख्या गावाला शेतात भरीत-भाकरीला बोलावलं. गावाचा किड्यांवरचा विश्वास उडाला की शिवारात पुन्हा औषधांचे फवारे सुरू होणार आणि माझ्या केंद्राला कुलूप लागणार, हे मला माहीत होतं.

"ताईंचे किडे लई लाडाचे," आप्पासाहेब म्हणाले. "म्होरं ताट वाढलं तरी उपाशी मेले." मंडळी हसली. ज्याची भाकरी खायची त्याच्या विनोदाला हसावंच लागतं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, वच्छलाबाई, टोपलीभर वांगी घेऊन आल्या. एका देठावर चक्क ढालकिडा चालत होता. त्या ज्या वाटेनं आल्या होत्या तिकडे मी गेले. विहिरीमागे, विहिरीच्याच पाण्यावर वाढलेला छोटा वाफा होता. पानं स्वच्छ, आणि पानांखाली ढालकिड्यांची पिवळी अंडी.

येताना मी मोठ्या शेतातली चार वांगी तोडून आणली. "वच्छलाबाई, ही भाजा."

"ती नगं, ताई," त्या सहज म्हणाल्या. "ती बजाजनगरच्या बाजाराची. नाल्याचं वांगं घरात शिजवायचं नाय, ह्यांनीच सांगितलंय."

कुणीच हसलं नाही. शेजारच्या शेतातले रामकिसनभाऊ उठले, माझ्या हातातलं एक वांगं घेऊन त्यांनी निखाऱ्यावर ठेवलं.

"माझी लेक बजाजनगरातच राहती, आप्पासाहेब," ते म्हणाले. "हे भाजू द्या. मग तुमी खा."

आप्पासाहेबांना एकाएकी भूक राहिली नव्हती.