माझी पांढरी रोपे

मित्रांनो, मी होटगीच्या रेल्वे क्वार्टर्समधली एक जुनी गुलबक्षी आहे. तिथे राहणाऱ्या केराबाईने मला न्हाणीच्या सांडपाण्याकडेला लावले. मी वाढले, पण विचित्रच. काही फांद्या हिरव्यागार, काही पांढऱ्या ठिपक्यांच्या, आणि एक तर दुधासारखी पांढरी. असे का, ते मलाच कळेना. फुले मात्र सगळ्याच फांद्यांवर उमलत. येणारेजाणारे थांबून बघत.

पुढे केराबाईने माझ्या बिया पेरल्या. बिया सगळ्या मिऱ्यासारख्या काळ्या. पण रोपे काही हिरवी, काही ठिपक्यांची, काही पांढरीफटक. पांढरी रोपे लवकरच वाळून गेली. आई मी एकच, मग लेकरांत एवढा भेद कसा? मी गोंधळून गेले.

त्यातच बहात्तरचा दुष्काळ पडला. शेजारची निंगव्वा म्हणाली, "केराबाई, तुज्या झाडाला कोड आलंय. उपटून टाक की. रोगट झाडाला कशाला पाणी?"

"निम्मं तर हिरवंगार हाय," केराबाई म्हणाली. पण तिचा हात माझ्या बुंध्याशी आला होता.

निंगव्वाचा भाऊ महादेवप्पा सोलापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तो तेव्हा सुट्टीला बहिणीकडे आला होता. "थांबा, उपटू नका," तो म्हणाला. त्याने माझ्या पांढऱ्या फांदीवरच्या फुलांना निंगव्वाच्या हिरव्या झाडाचा पराग लावला, आणि पांढऱ्या फांदीचा पराग माझ्या हिरव्या फांदीवरच्या फुलांना. दुसरा पराग लागू नये म्हणून वर फडकी बांधली. बिया धरल्यावर त्या वेगवेगळ्या कुंड्यांत पेरल्या.

पांढऱ्या फांदीची सगळी रोपे पांढरी उगवली आणि मेली. हिरव्या फांदीची सगळी हिरवी. बाप हिरवा असून लेकरे पांढरी! मी तर आणखीच चक्रावले.

"असं कसं वो?" केराबाईने विचारले.

महादेवप्पाने काडीने मातीत एक कडे काढले. "पानातल्या हिरव्या कणांत त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, असा गोल. ते कण आईकडूनच बीत येतात. पराग ते आणत नाही. या फांदीतले कण बिघडलेत, म्हणून ती पांढरी. ठिपक्यांच्या फांदीत दोन्ही मिसळलेत. कोणत्या बीत कोणते जातील, सांगता येत नाही. हा रोग नाही, लागत नाही."

"मग पांढरी फांदी तेवढी छाटू?"

"तिला स्वतःचं अन्न करता येत नाही. हिरव्या फांद्याच तिला पोसतात."

केराबाईने भांडी विसळलेले पाणी माझ्या बुंध्याशी ओतले. "पोसत्यात तर पोसू द्या की. आपुन कशाला मधी पडायचं?"

मित्रांनो, माझी कोणती बी कशी उगवेल, हे मला आजही आधी कळत नाही. एवढेच मागते, पांढऱ्या रोपाला रोगट म्हणून उपटू नका. जगेल तितके त्यालाही पाणी घाला.