एक पस्तीसची गाडी

"मुलानं फोनवर विचारलं, आई, पासष्ट पूर्ण झाली, तुला काय हवंय? मला काही सुचेना. मग म्हटलं, मला वाक्कानाईला जायचंय."

तोकिको हे इतक्या सहज म्हणाली, की शेजारच्या बायकांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सगळ्याजणी मासळीच्या कारखान्यात उकडलेल्या कुपा माशातले काटे चिमट्यानं उपसत बसल्या होत्या. फक्त फुसाएचा चिमटा जागच्या जागी थांबला.

"वाक्कानाईला?" तिनं विचारलं.

"अगं, तुझंच ते वाक्कानाई! तू इतकी वर्षं बोलतेस, म्हटलं बघावं तरी काय आहे."

त्यांच्या माकुराझाकीत जपानचे दक्षिणेकडचे रूळ संपतात आणि वाक्कानाईत उत्तरेकडचे. या टोकाला बसायचं आणि त्या टोकाला उतरायचं, मधे विमान नाही, बस नाही, हे फुसाएनं तिशीत ठरवलं होतं. दर वसंतात रेल्वेच्या वेळा बदलत. ती नवं जाडजूड वेळापत्रक विकत आणी आणि वहीतल्या साऱ्या वेळा खोडून नव्यानं लिही. कुठं गाडी बदलायची, कुठं जेवणाचा डबा घ्यायचा, कुठल्या बाजूच्या खिडकीत समुद्र दिसतो, सगळं लिहिलेलं. आधी सासू अंथरुणाला खिळली होती, मग नवऱ्याच्या बोटीचं कर्ज, मग नवऱ्याचं आजारपण. नवरा जाऊनही आता तीन वर्षं झाली होती. अडवणारं कुणी उरलं नव्हतं, पैसेही होते. तरी ती गेली नव्हती. का, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

आणि ही तोकिको! पहिलीपासून एका बाकावर बसलेली, कागोशिमाच्या पलीकडं जायचं म्हटलं की जिचे गुडघे दुखत. "गाडीत बसून ढुंगण झिजवायला पैसे कशाला घालवायचे?" असं म्हणणारी. तिला स्वतःचं एक स्वप्न पाहता येऊ नये? शेजारणीच्या परसातला मुळा उपटावा तसं हिनं ते उपटून नेलं होतं.

"विमानानं जाणार आहे आसाहिकावापर्यंत," तोकिको सांगत होती. "मुलानं, काझुनारीनं तिकीट काढलंय, हॉटेलं ठरवलीत. तिथून पुढं मात्र गाडीनं, तुझ्यासारखं. एक रात्र वाक्कानाईत, दुसऱ्या दिवशी परत. फुसा-चान, तेवढी गाडीची वेळ कागदावर लिहून दे ना. मोबाईलमधलं मला काही कळत नाही."

"देते की," फुसाए म्हणाली. "त्यात काय!"

घरी येऊन तिनं वही उघडली. विमानानं! तीन हजार किलोमीटर ढगांवरून उडून जायचं, शेवटचा घास तेवढा चाखायचा आणि म्हणायचं, मी वाक्कानाई पाहिलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वहीत स्वच्छ लिहिलं होतं, आसाहिकावा, दुपारी एक पस्तीस. त्यानंतरची गाडी पार मध्यरात्री पोचते. तोकिको काही एकटीनं त्या गाडीत चढणार नाही.

फुसाएनं कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, दोन पस्तीस.

लिहिल्यावर ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडं पाहत राहिली. खोडायला हवं होतं. तिनं कागदाची घडी घातली.

फेब्रुवारीच्या मध्याला तोकिको गेली. ते तीन दिवस फुसाएला अन्न गोड लागलं नाही. गाडी चुकली असेल, या विचारानं आनंदाच्या उकळ्या फुटत आणि दुसऱ्या क्षणी मनात येई, बर्फात कुठं पडली तर? मग वाटे, पडली तर पडली, काझुनारी आहे बघायला.

चौथ्या दिवशी तोकिको कामावर आली, मिठाईचे दोन खोके घेऊन. गाल लाल झालेले, आवाज चढलेला.

"गाडी चुकली माझी!" तिनं आल्या आल्या जाहीर केलं. "वाक्कानाई राहिलंच!"

"अगं बाई!" बायका हळहळल्या. फुसाएनं मान खाली घातली. कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मग एवढं लांब जाऊन केलंस काय?"

"तेच तर सांगतेय! स्टेशनात रडकुंडीला येऊन बसले होते. शेजारी एक म्हातारी, ऐंशीची असेल, ओकाबे नावाची. म्हणाली, रडतेस काय, घरी चल, मला छपरावरचा बर्फ उतरवायला माणूस हवंय. गेले! बायांनो, मी शिडीवर चढले! हातात हे एवढं फावडं. बर्फ असा धप्पकन पडतो, की पोटातून हसू येतं. संध्याकाळी तिनं बटाटे उकडून लोणी घालून दिले. तिची मेलेली बहीण म्हणे माझ्यासारखीच बडबडी होती. रात्री हॉटेलात जाऊच दिलं नाही. काझुनारी फोनवर संतापला, पण मी त्याला म्हटलं, पासष्ट वर्षांत असा दिवस मला मिळाला नव्हता."

दुपारभर बायका तिच्याभोवती. बर्फ किती, म्हातारी कशी, बटाटे कसे. फुसाए एकटीच काटे काढत राहिली. करायला गेली एक आणि होऊन बसलं भलतंच. तिनं खोट्या आकड्यानं तोकिकोचं वाक्कानाई हिसकावलं होतं, आणि त्या बदल्यात तोकिकोला असं काही मिळालं होतं, जे कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. वाक्कानाई निदान फुसाएचं तरी होतं. तो छपरावरचा बर्फ तर आता सर्वस्वी तोकिकोचा. आठवड्यानं ओकाबेबाईंकडून बटाट्यांचं खोकं आलं, सोबत पत्र. तोकिकोनं ते पत्र चहाच्या सुट्टीत दोनदा वाचून दाखवलं.

त्या संध्याकाळी फुसाएनं मालकीणबाईंकडं आठ दिवसांची रजा मागितली.

"आत्ता? बरी आहेस ना?"

"दोन आठवड्यांनी रेल्वेच्या वेळा बदलतील," ती म्हणाली. "मग सगळं पुन्हा लिहावं लागेल. आता नाही लिहिणार मी."

माकुराझाकीच्या छोट्या फलाटावरून ती पहाटेच्या गाडीत चढली तेव्हा निरोपाला कुणी नव्हतं. तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. वहीप्रमाणे गाड्या आल्या, वहीप्रमाणे सुटल्या. टोकियोमध्ये पाय सुजले, हाकोदातेत पाठ धरली. प्रत्येक मुक्कामी ती मनातल्या मनात तोकिकोला सांगत होती, बघ, हे तुला दिसलं नाही. बघ, हेही नाही. अर्धा देश तिनं असा भांडतच ओलांडला.

चौथ्या दिवशी आसाहिकावात एक पस्तीसची गाडी समोर उभी होती. फुसाएची नजर मात्र प्रतीक्षागृहातल्या बाकांवर. एक म्हातारी लोकरीची टोपी घालून बसली होती. ही असेल का? विचारावं का? मलाही घरी न्या म्हणावं? गार्डनं शिट्टी फुंकली. फुसाए स्वतःवरच चिडून गाडीत चढली.

पुढं काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता येत नसे. गावं विरळ झाली, मग नाहीशी झाली. डावीकडं गोठलेली नदी आली, पांढऱ्यावर पांढरी. गाडीनं अचानक वेग कमी केला, भोंगा वाजला, रुळांवरून चार हरणं सावकाश बाजूला झाली. एकानं मान वळवून थेट तिच्या खिडकीत पाहिलं. फुसाएनं हात काचेवर टेकवला. मग डब्यातला गार भात ती हळूहळू खात राहिली, बाहेर पाहत, आणि कितीतरी वेळानं तिच्या ध्यानात आलं की दोन तासांत तोकिकोची आठवणच झाली नव्हती. तिला एकदम रडू आलं. तीस वर्षांत एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

वाक्कानाईत अंधार पडला होता. रूळ संपले तिथं ती उभी राहिली. इथून पुढं खरंच काही नव्हतं. आणि पहिला विचार आला तो हा, की तोकि-चान, आता जळ!

परतल्यावर मात्र तिला ते पोटात ठेववेना. दोघी मासे वाळवायचे लाकडी पाट उन्हात मांडत होत्या.

"तोकि-चान, तो आकडा मी मुद्दाम चुकीचा लिहिला होता."

तोकिकोनं पाट खाली ठेवला. "माहीत आहे मला."

"काय?"

"तीस वर्षं तुझी वही बघतेय. तू आणि तासाची चूक? तिथं फलकावर वेळ पाहिली तेव्हाच कळलं. अस्सा राग आला होता! म्हटलं, जाऊन हिच्या झिंज्या उपटते. म्हातारी भेटली म्हणून वाचलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"का बोलू? तू स्वतःहून सांगतेस का, ते बघत होते. महिना लावलास, मेले!" तिनं फुसाएच्या दंडाला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं. मग दुसरीकडं बघत तिनं विचारलं, "काय दिसलं गं तिकडं?"

फुसाएनं सांगितलं. नदी, पांढरं रान, हरणं.

"हरणं?" तोकिकोचा चेहरा आंबट झाला. "रुळांवर? मला एक कुत्रं दिसलं नाही!"

"चार होती. एकानं माझ्याकडं वळून पाहिलं."

"पुरे." तोकिको पाट आपटत मांडू लागली. "पुढच्या फेब्रुवारीत मी परत जाणार आहे. ओकाबेबाईंनी बोलावलंच आहे. तिथून पुढं जाईन तुझ्या टोकाला."

"मी येऊ सोबत?"

"तू? तू मला मधल्याच स्टेशनात उतरवशील!"

दोघी हसल्या. पण पुढचा पाट उचलताना फुसाएच्या मनात आलं, म्हणजे हिचं दोनदा होणार, बर्फही आणि वाक्कानाईही, आणि माझं एकदाच. तिनं पाट उन्हात ठेवला, जरा जास्तच जोरात.