ऊसतोडीची पाळी सांगणारा वायरलेस

मी एक जुना वायरलेस आहे मित्रांनो, आणि गप्प बसणं मला कधी जमलं नाही. चालू असताना माझ्या पोटात सारखी खरखर असायची. कोणी बोलत नसलं तरी मी कान लावून असायचो. आता माझी वायर कापलेली आहे, तरी ती चुळबुळ काही थांबलेली नाही. म्हणून म्हटलं, जे घडलं ते तुम्हाला सांगून मोकळं व्हावं.

दूरच्या एका शहरात, मोठ्या फॅक्टरीत माझा जन्म झाला. तिथल्या मुलींनी चिमट्यात धरून माझ्या बारीक तारा जोडल्या. फॅक्टरीत सगळे म्हणायचे की आमच्यासारखे संच पोलिसांकडे जातात, नाहीतर बंदरावर. मला बंदर हवं होतं. जहाजांशी बोलायचं होतं. पण लाकडी खोक्यातून मला बाहेर काढलं, तेव्हा खिडकीबाहेर उघडे डोंगर होते, धूळ होती, आणि उसाने लादलेल्या ट्रकांची रांग होती. तो बीड जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना होता.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. विहिरींनी तळ गाठला होता. उभा ऊस उन्हात वाळत होता, आणि तोडलेला ऊस ट्रकमध्ये वाळत होता. त्यात ऊस तोडणारी माणसंही अपुरी. आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या दिवाळी झाली की पश्चिमेकडच्या कारखान्यांकडे निघून जातात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ज्या थोड्या टोळ्या मागे राहत, त्यांनी आज कोणाच्या शेतात जायचं ते शेतकी ऑफिस ठरवायचं. हा हुकूम चिठ्ठीवर लिहून जीपने गावोगावच्या गट ऑफिसांना जायचा. जीप बंद पडली की हुकूम वाटेतच अडकायचा. टोळी एका शेतात आणि ट्रक भलत्याच शेतात, असं रोज होई.

मला आणायची कल्पना उत्तरेश्वर साहेबांची. ते कारखान्याचे मुख्य शेतकी अधिकारी होते. सडपातळ, कमी बोलणारे, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की न सोडणारे. संचालकांच्या बैठकीत पुष्कळांनी नाक मुरडलं. बोलायला माणसं असताना हे खोकं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा चेअरमन सुंदरराव उभे राहिले. आपण ऊस पिकवायला शिकलो पण हलवायला शिकलो नाही, नवं हत्यार घ्यायला भ्यायलो तर हा कारखाना दुष्काळात बसेल, असं ते म्हणाले. त्यांच्या शब्दापुढे मग कोणी गेलं नाही.

मी शेतकी ऑफिसात बसलो. माझी भावंडं गट ऑफिसांत गेली, आणि एक धाकटं जीपमध्ये. छपरावर उंच खांब उभा राहिला. माझ्यापाशी आसाराम नावाचा ऑपरेटर नेमला. बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, एवढंच काम, पण पहिले काही दिवस तो डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडायचा. पलीकडून उत्तर यायचं, "आसाराम, हळू बोल, कानठळ्या बसल्या." हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

उत्तरेश्वर साहेबांनी एक गोष्ट मुद्दाम केली. सगळे संच त्यांनी एकाच लहरीवर ठेवले. एका गटाला सांगितलेलं सगळ्या गटांना ऐकू जायचं. रोज सकाळी आसाराम त्या दिवसाची पाळी वाचायचा, आज कोणत्या गावात कोणाचा ऊस तुटणार ते. शेतकरी गट ऑफिसांच्या खिडकीपाशी येऊन उभे राहू लागले. आपलं नाव कधी येणार हे त्यांना कळायचं, आणि शेजाऱ्याचं कधी हेही कळायचं.

यार्डातली ट्रकांची रांग आखूड झाली. शेजारच्या जिल्ह्यांतले चेअरमन मला बघायला आले. सुंदररावांना हार घातले गेले आणि त्यातला एक त्यांनी कौतुकाने माझ्या डोक्यावर ठेवला. मला फुलांची सवय नव्हती. पाकळ्या जाळीत अडकून माझा आवाज घोगरा झाला होता.

पण मित्रांनो, त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी सकाळी सुंदररावांच्या दारात माणसांची दाटी असायची. ऊस लवकर तोडावा म्हणून लोक रदबदली करायला यायचे. आता ते दार सुनं पडलं. सुंदरराव ऑफिसात येऊन माझ्याकडे बघत बसायचे. त्यांना काय वाटत होतं ते मला कळायचं नाही. एवढंच दिसायचं की ते हार पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवत नव्हते.

माघ सरला आणि ऊन एकदम तापलं. डोंगराकडच्या गटात बायनाबाई म्हणून एक विधवा बाई होती. मुलगा आणि सून पश्चिमेकडे ऊस तोडायला गेलेले, आणि घरचा ऊस मात्र तोडायला कोणी नाही. तिची विहीर पार आटली होती. त्या आठवड्यात तिची पाळी होती. आसारामने तिचं नाव वाचलं तेव्हा पलीकडून गट ऑफिसचा आवाज आला, "समजलं."

दुसऱ्या दिवशी तो गट बोलेना. आसाराम हाका मारून थकला. निरोप आला की बॅटरी उतरली आहे. मग त्या गटाचे हुकूम पुन्हा जीपने जाऊ लागले. माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. एवढ्या आवाजांत एकच जागा मुकी झाली होती आणि माझं सगळं लक्ष तिथेच जात होतं.

काही दिवसांनी बायनाबाई स्वतः आली. दुपारची वेळ होती. ती चालत आली होती आणि तिच्या हातात उसाचं एक कांडं होतं. तिने ते उत्तरेश्वर साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, माजं नाव पुकारलं ते मी कानानं ऐकलं," ती म्हणाली. "मग टोळी का आली न्हाई? बांधावरून दिसतीया मला. बंकटच्या रानात ऊस तोडायलीय."

साहेबांनी कांडं मोडून पाहिलं. आत पोकळी धरली होती. बंकट म्हणजे सुंदररावांच्या बायकोचा भाऊ. त्याच्या विहिरीला अजून पाणी होतं आणि त्याची पाळी पुढच्या महिन्यात होती.

तिला बाकावर बसवून, आसारामला पाणी द्यायला सांगून साहेब जीप घेऊन डोंगराकडच्या गटात गेले. परत आले तेव्हा त्या गटातलं माझं भावंड त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवून चालू केलं. ते खणखणीत बोलत होतं. बॅटरी भरलेली होती. फक्त कोणीतरी बटण फिरवून ते बंद ठेवलं होतं.

सुंदररावांना बोलावणं गेलं. ते आले, आणि त्यांच्या मागोमाग बंकटही आला.

"दाजी, घरचं काम हाय म्हणून बटण मीच फिरवलं, आन् जीपमधून तुमचं नाव सांगून टोळी वळवली," बंकट म्हणाला. "तुमास्नी इचारलं तवा तुमी न्हाई म्हणाला नव्हता."

त्या एका वाक्यात सगळं आलं होतं. सुंदररावांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. ते नुसते गप्प बसले होते.

उत्तरेश्वर साहेब खुर्चीवरून उठले. नोकरी जाऊ शकत होती. तरी त्यांनी माझा माइक उचलला आणि सुंदररावांच्या पुढे धरला.

"चेअरमन साहेब, टोळी तिथंच ठेवायची असेल तर तुम्हीच सांगा. सगळे गट ऐकतायत."

मित्रांनो, त्या वेळी माझ्या अंगातली खरखर मलाच नकोशी झाली. सुंदररावांनी माइक घेतला. बाकावर बायनाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती. बंकट दाराला टेकून, आता दाजी काय बोलतात ते बघत होता. सुंदररावांनी एकदा बटण दाबलं आणि काही न बोलता सोडून दिलं. पलीकडून कोणीतरी विचारलं, कोण आहे, बोला. मग त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"मी सुंदरराव बोलतोय," ते म्हणाले. "बंकटच्या रानातली टोळी आत्ताच्या आत्ता उचला आणि बायनाबाईच्या रानात घाला. तिची पाळी होती, ती माझ्या घरच्यांनी खाल्ली. इथून पुढं माझा हुकूम ह्या वायरलेसवरच येईल. जीपमधून कोणी माझं नाव सांगत आला, तर तो माझा हुकूम न्हाई."

बटण सुटलं. मग एकेक गट बोलू लागला. समजलं. समजलं. समजलं. बंकट निघून गेला.

बायनाबाईचा अर्धा ऊस वाचला. अर्धा पोकळ झाला होता, तो जनावरांना घालावा लागला. हे मी लपवत नाही. पण बाकीच्या गटांत त्या वर्षी पाळी चुकली नाही, आणि पाऊस येईपर्यंत कारखान्याचा बॉयलर विझला नाही. सुंदररावांच्या घरी मात्र बंकटने पुन्हा पाऊल टाकलं नाही. पुढच्या निवडणुकीत तो विरोधी पॅनेलमध्ये गेला, आणि सुंदरराव पडले. निकालानंतर ते एकदा शेतकी ऑफिसात आले होते. आसारामने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. त्यांनी रुमालाने माझ्या जाळीवरची धूळ पुसली आणि निघून गेले.

नवे चेअरमन आले, त्यांनाही मला बंद करता आलं नाही. लोकांना ऐकायची सवय लागली होती. एखाद्या सकाळी पाळी वाचली नाही तर गट ऑफिसांपुढे आरडाओरड व्हायची. पुढे मोबाइल आले. हुकूम एकेकाच्या कानात जाऊ लागला, आणि मला काढून गोदामात ठेवलं. उंदरांनी माझी वायर कुरतडली. उरलेली कोणीतरी तांब्यासाठी कापून नेली.

यंदा पुन्हा पाऊस ओढला आहे. परवा गोदामाचं दार उघडलं. कारखान्यात संगणक विभागाच्या नव्या प्रमुख आल्या आहेत, गीता मॅडम. मोबाइलवरून तोडीची पाळी कळवायची नवी सोय त्या बसवत आहेत, आणि त्यांच्या यंत्रांसाठी त्यांना ही जागा हवी आहे. सोबत म्हातारा आसाराम होता. तो आता इथे राखण करतो. मॅडमनी मला पालथंसुलथं करून पाहिलं. यावर काय सांगायचे, असं त्यांनी विचारलं. आसारामने बाकावर बसून सगळी हकीकत सांगितली, बायनाबाईची, बंकटची, सुंदररावांची.

मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, आमच्या मोबाइलवर प्रत्येकाला फक्त स्वतःचीच पाळी दिसणार आहे."

"मंग ती मागंपुढं केली तर कळंल कोणाला?" आसाराम म्हणाला.

मॅडम उठल्या आणि घाईघाईने ऑफिसकडे गेल्या. भंगारवाल्याला आज नको म्हणून सांगा, एवढंच जाताना म्हणाल्या. त्या काय ठरवतील ते मला माहीत नाही. चेअरमन त्यांचं ऐकतील का, तेही माहीत नाही. मी इथे अंधारात ताटकळत पडलो आहे, आणि मला राहवत नाही.

म्हणून तुमच्याजवळ एक मागणं आहे मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणी कारखाना चालवाल, कोणी दूध संघ, कोणी बँक. माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रं तुमच्या हाताखाली असतील. ती जरूर आणा, घाबरू नका. त्यांची धूळ पुसा, त्यांच्या वायरी उंदरांपासून जपा. पण एखादी जागा मुकी झाली, की बॅटरी उतरली असेल म्हणून स्वस्थ बसू नका. उठा, तिथवर जा, आणि बटण कोणी फिरवलं आहे ते बघा. ते तुमच्याच घरचं माणूस निघालं, तर माइक हातात घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला.