मेलेलं सोनं, अर्धा भाव

"मेलं! सोनं मेलं!"

सराफाच्या दुकानात एवढी गर्दी होती की आतला शिंकला तर बाहेरच्याने तोंड पुसावं. काउंटरपाशी परीसबाबा एका बाईची अंगठी जांभळ्या फडक्यात चोळत होते. आत जाताना पिवळीधमक असलेली अंगठी पांढरीफटक होऊन बाहेर आली. मागच्यांना काहीच दिसलं नव्हतं, पण ओरडण्यात तेच पुढे होते.

अंगठी कुणाची, हे बाबांनी चोळण्याआधीच विचारलं होतं. सासूची, गेल्या वर्षी वारल्या, असं बाईने सांगितलंही होतं. तरी आता बाबांनी डोळे मिटून दिव्यदृष्टीने पाहिलं.

"वृद्ध स्त्री. देह सुटलाय, जीव अंगठीत अडकलाय."

"अगदी सासूबाईच!" बाई म्हणाली. "कशातही अडकून बसायच्या."

परीस लोखंडाचं सोनं करतो असं मी ऐकून होतो. हा परीस उलटा चालत होता, तरी लोक हात जोडत होते.

सराफाने उसासा टाकला. "मेलेल्या सोन्याला बाजारात कुणी शिवत नाही, ताई. बाबांच्या शब्दाखातर अर्ध्या भावात घेतो." बाईने त्याचे आभार मानले. खिसा कापून घेतला आणि वर कात्रीला धार चांगली आहे म्हणाली.

मग माझा नंबर आला. माझ्या खिशात बायकोच्या दोन बांगड्या होत्या.

ती जाऊन सहा महिने झाले होते. दवाखान्यात असताना तिने मला बजावलं होतं, "माझ्यामागे या विका आणि दात बसवून घ्या. खालचे, वरचे, दोन्ही. एकटा माणूस, त्यात तोंडाचं बोळकं. कोण ढुंकून बघणार?" तिच्या आयुष्यातलं हे शेवटचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ते सहा महिने टाळलं होतं.

"कुणाची, बेटा?" बाबांनी विचारलं. ते माझ्याहून वीसएक वर्षांनी लहान असतील.

"बायकोची. वारली."

मी एक बांगडी दिली. बाबांनी ती जांभळ्या फडक्यात चोळली. पांढरी झाली.

"तिला तुझी काळजी सोडवत नाही. रात्री घरात भांडी वाजतात?"

"वाजतात. मीच घासतो."

लोक हसले. मला हसू आलं नाही. कपडे पिळताना, भांडी घासताना, तापात, दवाखान्यात, ती बांगडी तिच्या हातात कायम पिवळीच होती. आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत पांढरी. "विचार करून येतो," म्हणालो आणि निघालो. वाटेत एका बाकावर बसून मी हळूच बांगडीला विचारलं, "काय गं, खरंच अडकलीस का?" बांगडी काही बोलली नाही. बायको असती तर बोलली असती.

मी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली. आपोआप उघडणारं कुलूप अजून पाहिलेलं नाही. कुणाच्या तरी खिशात किल्ली असतेच. पण बायको आठवली की कुलूपही आठवत नाही आणि किल्लीही. असल्या लोकांचा धंदा त्यावरच चालतो.

संध्याकाळी मेहुणी मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एकटा सोडला तर मी दारातून परत फिरतो, असं तिचं म्हणणं.

"डॉक्टर, फक्त वरची कवळी बसवा," मी म्हणालो. "अर्ध्या भावात तेवढीच येते."

"आणि चावणार कशावर, काका? हवेवर?"

मी बांगडी काढून सारा प्रकार सांगितला. मेहुणीने तोंडाला पदर लावला. "ताई इतकी दुःखी होती, भावोजी?"

डॉक्टरांनी बांगडी दिव्याखाली धरली आणि विचारलं, "त्या बाबाच्या बोटात अंगठी आहे?"

"नाही. लोक म्हणतात, विरक्त आहे. एवढ्या सोन्यात बसतो, पण अंगावर गुंजभर नाही."

"विरक्त कसला! त्याला घालताच येणार नाही." डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "पूर्वी आम्ही दातात भरायला चांदीची पूड आणि पारा एकत्र मळायचो. सर ओरडायचे, अंगठ्या काढा. मी ऐकलं नाही. पारा सोन्याला लागला की त्यात मुरतो आणि सोनं पांढरं पडतं. माझ्या साखरपुड्याची अंगठी अशीच मेली. बायको मात्र ठणठणीत आहे. अंगठीबद्दल आजही ऐकवते."

"मग ही गेली कामातून?"

"छे. सोनार भट्टीत तापवून पारा उडवतो, सोनं तसंच राहतं. पण घरी चुलीवर ठेवू नका, ती वाफ विषारी असते."

मेहुणी उठून उभी राहिली. आता पदर तोंडावर नव्हता, कमरेला होता. तिच्या हातातही तशीच बांगडी होती. त्यांच्या आईने दोघी बहिणींना सारखीच घडवली होती.

"भावोजी, तुमच्याकडची दुसरी अजून पिवळी आहे ना? ती मला द्या. ही माझी तुम्ही धरा. आणि डॉक्टर, माझी परत पिवळी झाली नाही, तर तुमचे दात मी पाडीन."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसकट आम्ही तिघं दुकानात गेलो. मेहुणी पुढे.

"कुणाची, बेटी?"

"माझी. मी जिवंत आहे, दिसतेच आहे."

बाबांनी पांढरं फडकं काढलं. चोळलं. बांगडी पिवळीच. "जिवंत सोनं! बघा, कसं हसतंय!" सराफाने पूर्ण भाव सांगितला. लोकांनी वाहवा केली. दुकान किती प्रामाणिक, हेही त्यांना पटलं.

मग मी. "काल आलो होतो. ही तिची दुसरी."

जांभळं फडकं निघालं. बांगडी पांढरी झाली. बाबांचा आवाज जड झाला. "फार रडतेय रे ती. म्हणते, माझं ओझं उतरवा."

"कोण रडतंय?" मेहुणीने विचारलं.

"यांची स्वर्गवासी पत्नी."

"अहो, ती बांगडी माझी आहे! काल संध्याकाळपर्यंत माझ्याच हातात होती. आणि मघाशी हसली म्हणालात, ती माझ्या गेलेल्या बहिणीची."

बाबांनी दोन्ही बांगड्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आत्मे कधीकधी जागा बदलतात," बाबा म्हणाले.

"मग फडकी का नाही बदललीत?" असं म्हणून तिने जांभळं फडकं ओढून घेतलं आणि काउंटरवर झटकलं. चकचकीत थेंब काचेवर पळायला लागले.

"हात लावू नका!" डॉक्टर ओरडले. "पारा आहे तो. जीव नाही, आत्मा नाही, पारा!" मग सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवून त्यांनी मला सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं.

बाबा मागच्या दाराकडे सरकले. तिथे सासूच्या अंगठीवाली बाई उभी होती. "बसा ना," ती म्हणाली. "सासूबाई येतायत भेटायला." सराफ "मला काहीच माहीत नव्हतं, माहीत नव्हतं," म्हणत होता, त्याचा ड्रॉवर मात्र पांढऱ्या सोन्याने भरलेला निघाला. पोलीस येईपर्यंत लोकांनी ज्याचं त्याला ओळखून दिलं.

पांढऱ्या दोन्ही बांगड्या मी एका सोनाराकडे नेल्या. त्याने त्या भट्टीत पिवळ्या करून दिल्या. मेहुणीने स्वतःची लगेच हातात चढवली आणि डॉक्टरांचे दात वाचले. बायकोच्या दोन्ही घेऊन मी तीन दुकानं फिरलो. प्रत्येकाला समोर वजन करायला लावलं, कस विचारला, भाव विचारला, आणि त्यातल्या बऱ्या दुकानात विकल्या.

माझं सांगणं एवढंच. सोन्याला वजन असतं आणि कस असतो. त्यात कुणी रडत नाही, कुणी हसत नाही. आपलं माणूस गेल्यावर रडायचं ते आपण, आणि त्याचा भाव कुणाला ठरवू द्यायचा नाही. कुणी तुमच्या वस्तूत आत्मा बघितला, तर ती कुणाची ते सांगू नका. त्यालाच सांगू द्या. आणि त्याच्या बोटात अंगठी आहे का, तेही बघून घ्या.

आता माझ्या तोंडात बत्तीशी आहे. पहिल्या दिवशी आरशासमोर उभा राहिलो. ढुंकून बघायला कुणी नव्हतं. तरी तिने सांगितलेलं काम झालं होतं, खालचं आणि वरचं, दोन्ही. मग एक कडक टोस्ट घेतला आणि आवाज करत खाल्ला.