यारागलचं किमान तापमान

कोकिळाने चष्मा नाकावर नीट बसवला आणि वहीतल्या चौथ्या आकड्याखालीही पेन्सिलीने रेघ ओढली. १.४. १.८. १.२. १.६. मग मोबाईल डोळ्यांजवळ धरून पुन्हा पाहिलं. उतरवण्यात चूक नव्हती. यारागल रुग्णालय, सकाळी नऊ, किमान तापमान. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या पानावर हेच होतं.

“शुभम, इकडे ये जरा.”

मुलगा ओटीवर रेनकोट चढवत होता. कामावर निघायची त्याची वेळ झाली होती.

“हे चार दिवस बघ. काय दिसतं?”

“थंडी दिसते.”

“आणि हे बघ.” तिने वहीचं पान उलटलं. यारागलपासून तीस किलोमीटरवर एका विमानपट्टीवर यंत्र बसवलेलं होतं. ते माणसाशिवाय आपोआप नोंद करी. त्याच चार दिवसांचे तिथले आकडे होते उणे ५.३, मग एकदम ३.९, परत उणे ६, मग ०.२.

“गाव वेगळं, हवा वेगळी,” शुभम म्हणाला.

“दोन्ही गावं एकाच पठारावर हायत. उंचीही सारखीच. तिकडे पारा एवढ्या उड्या मारतो आणि इकडे गपगुमान बसतो? हवा इतकी शहाणी कधी नसते, शुभम.”

“तू निवृत्त झालीस, हे तुला कुणी सांगितलंय की नाही?” तो हसला आणि पावसात गाडी काढून निघूनही गेला.

चौलजवळच्या नारळ-सुपारीच्या सरकारी संशोधन केंद्रात कोकिळाने एकतीस वर्षं हवामानाच्या नोंदी घेतल्या होत्या. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीसमोर उभं राहून तापमापक वाचायचा, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, तक्त्यात लिहायचं. घरात लग्न असो की सुतक, तिचा आकडा चुकला नव्हता. म्हणून दोन वर्षांपूर्वी पूनमचा फोन आला तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. पूनम यारागलच्या छोट्या रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली होती. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात, तिच्या राहत्या खोल्यांच्या दारासमोरच, तशीच पांढरी पेटी होती. वीस वर्षं नोंदी घेणारा म्हातारा माळी काम सोडून गेला, आणि पूनमने आपणहून ते काम अंगावर घेतलं.

“आई, तुझंच नशीब आलं माझ्या वाट्याला. रोज नऊला मी पेटी उघडते, आणि तू दिसतेस.”

तेव्हापासून कोकिळाने वहीत दोन रकाने आखले, एक चौलचा आणि एक यारागलचा. महाबळेश्वराइतक्या उंचीवरचं ते गाव तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा स्वभाव तिला पाठ झाला होता. तिथे जानेवारीत उन्हाळा, तरी रात्री शाल लागते. दुपारी अचानक गारा. चौलला जुलैच्या एखाद्या दांडग्या दिवशी पडतो तेवढा पाऊस तिथे तीन महिन्यांत. आणि जून-जुलैत सकाळ कशी उजाडेल त्याचा नेम नाही. आभाळ झाकलेलं असलं तर चार, मोकळं असलं तर उणे सहा. लेकीचा फोन आठवड्यातून एकदा येई. आकडा रोज येई. तिला तो पत्रासारखा वाटे.

आणि आता हे पत्र दुसऱ्याच कुणाच्या हातचं वाटत होतं.

तिने मागची पानं चाळली. बरोबर सात आठवड्यांपूर्वी आकडे शहाणे झाले होते. त्याच सुमाराला पूनमचा शेवटचा फोन आला होता, तोही आवाजाचाच, चेहरा न दाखवता. त्यानंतर तिच्या नंबरवर फोन केला की जावई, ऋत्विक, उचले. “आत्ताच ड्युटीवर गेली, आई.” “झोपलीय, आई, रात्रपाळी होती.” मग थोड्या वेळाने पूनमच्या नंबरवरून निरोप येई.

ते निरोप कोकिळाने एकेक करून पुन्हा उघडले. दोन आठवड्यांपूर्वीच्या एका निरोपावर तिचं बोट थांबलं.

‘आई मी बरी आहे. कामात आहे. तुम्ही काळजी करू नका.’

तुम्ही. जन्मात कधी पूनमने आईला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. भांडताना ‘तू’, रडताना ‘तू’, सासरी जाताना गळ्यात पडून ‘तू’.

कोकिळाने वही मिटली, पुन्हा उघडली. स्थळ पाहताना ऋत्विक फार बोलत नव्हता. शांत मुलगा म्हणून तो गुणच वाटला होता सगळ्यांना. आता तिला वाटलं, जो बोलत नाही त्याच्या मनात काय शिजतंय, कुणी बघितलंय? चार भिंतींच्या आत, सात समुद्रांपलीकडे, लेकीचा फोन त्याच्या हातात, लेकीचं काम त्याच्या हातात. लेक कुठे आहे?

दुपारी दोन वाजता तिने फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. ऋत्विकने उचलला.

“बोला, आई.”

“पूनम?”

“अंघोळीला गेलीय.”

“बरं.” तिने आवाज मुद्दाम मऊ केला. “थंडी कशी काय, ऋत्विकराव?”

“खूप आहे. आज तर सकाळी नळच गोठला. तसाच तोंड न धुता कामावर गेलो.”

“अगोबाई. आणि किमान तापमान किती होतं आज?”



“दीड-दोन असेल.”

“दीड-दोनला नळ नाही गोठत, ऋत्विकराव.”

“आई, मी नंतर करतो फोन. दारात कुणीतरी आलंय.”

फोन बंद झाला. कोकिळा बराच वेळ पडद्यावरच्या लेकीच्या नावाकडे बघत राहिली. मग उठली, छत्री घेतली आणि रेवदंड्याच्या रिक्षात बसली.

भिकू रेवदंड्यात मुलाच्या दुकानामागच्या खोलीत राहत असे. सत्तरीचा, पाठीत वाकलेला. केंद्रात तो शिपाई होता आणि कोकिळा रजेवर असली की नोंदी घेई. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिने त्याला पकडलं होतं. आठ दिवसांचे आकडे त्याने एका बैठकीत लिहून ठेवले होते. सगळे सभ्य, एकमेकांच्या रांगेत उभे. कोकिळाने ते साहेबांपुढे ठेवले, आणि भिकूची रवानगी कायमची रोपवाटिकेत झाली. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. खोट्या नोंदीसारखं पाप नाही, असं ती म्हणायची.

“भिकूभाऊ, हे बघा.” तिने वही त्याच्यापुढे सरकवली. “हे खोटे हायत ना?”

भिकूने वही लांब धरली. ओठ हलवत एकेक आकडा वाचला.

“व्हय. घरात बसून लिवलेत.”

“कशावरून?”

“माज्यासारकेच हायत की.” तो हसला. दातांची एक बाजू रिकामी होती. “पण बाई, यो माणूस डरतोय. शून्याखाली उतरायला तयारच न्हाय.”

“कुणाला डरतो?”

“ते त्यालाच इचारा. मला काय म्हाईत?” त्याने वही मिटून तिच्या हातात दिली. मग दाराबाहेरच्या पागोळ्यांकडे बघत म्हणाला, “मला तुमी इचारलं न्हवतं.”

“काय?”

“का लिवलं ते. तवा बायकोला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात ठेवली होती. सकाळी तिला सोडून कसा येणार? मी साहेबांना सांगनार होतो, पन त्यांच्या टेबलावर कागद आदीच पोचला होता.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कालची गोष्ट सांगावी तसा तो सांगत होता. “ऱ्हायली ती. अजून धा वर्सं जगली. चाय घेता ना?”

कोकिळाने चहा घेतला. कप रिकामा झाला तरी ती तो हातात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा फोन लावला. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती. तिथल्या पोलिसांना कळवीन. शुभमला पाठवीन. माझी लेक मला दाखवा, आत्ताच्या आत्ता. ऋत्विकचा “हॅलो” ऐकला आणि त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही.

“आकडे तुम्ही लिहिता,” ती म्हणाली. “का लिहिता?”

दार लोटल्याचा आवाज आला, मग वाऱ्याचा. तो अंगणात गेला असावा.

“आई, पूनमने शपथ घातलीय.”

“शपथ मी मोडली असं सांगा तिला.”

“पाचवा महिना लागला होता. तुमच्या वाढदिवसाला सांगणार होती. त्याच्या आठ दिवस आधी... राहिलं नाही.”

कोकिळाने जवळच्या खांबाला हात लावला.

“शरीराने बरी आहे. डॉक्टर बघतात. आठवड्यातून एकदा एक बाई येते, तिच्याशी बोलायला. पण पूनम बोलतच नाही. मी सहाला निघतो तेव्हा झोपलेली, परत येतो तेव्हा खिडकीशी बसलेली. रुग्णालयाने रजा दिलीय. नोंदींचं कुणाच्या लक्षातच नाही. मी टोमॅटोच्या काचघरात असतो नऊ वाजता. चहाच्या सुट्टीत फोनवरून भरतो.”

“रिकामं सोडायचं.”

“तुम्ही रोज बघता ना. एक दिवस रिकामा दिसला असता तरी तुम्ही फोन केला असता. गेल्या वर्षी तिने उणे सात लिहिलं, तर तुम्ही दिवसातून तीनदा विचारलंत, हीटर चालतो ना, स्वेटर आहे ना. म्हणून मी शून्याच्या वर ठेवतो. मला कळत नाही त्यातलं काही, आई. वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

पाऊस पत्र्यावर जोरात वाजू लागला होता. कोकिळाने पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि तसंच धरून ठेवलं.

“जेवलास का, बाळा?” तिने विचारलं.

तो रडतोय हे तिला कळलं, आणि आवाज येऊ नये म्हणून त्याने फोन लांब धरलाय हेही.

“उद्या कामावर जाताना तिचा फोन तिच्या उशाशी ठेव,” ती म्हणाली. “आवाज मोठा करून. आणि उद्यापासून तू काही लिहू नकोस.”

पहाटे साडेचारला कोकिळा स्वयंपाकघरात येऊन बसली. तिकडचे नऊ. पहिल्यांदा फोन वाजून वाजून थांबला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो उचलला गेला, पण कुणी बोललं नाही. नुसता श्वास.

“पूनम, माझी बाय, नऊ वाजले. आकडा दे.”



“ऋत्विक भरतो,” पूनम म्हणाली. आवाज झोपेतून आल्यासारखा जड होता.

“त्याचं मला ठाऊक हाय. सगळं ठाऊक हाय.” कोकिळाने वही पुढे ओढली. “मला खरा आकडा हवाय.”

“नाही जमणार आई मला.”

“आकडा नंतर. आधी पायात मोजे घाल. जाडे.”

कोकिळाने फोन कानावर घट्ट दाबला. पांघरुणाची सळसळ झाली. काहीतरी पडलं. फार वेळाने एक कडी निघाली, आणि मग पायाखाली करकर वाजू लागलं. कडक झालेल्या गवतावरून कुणी अगदी सावकाश चालत होतं. मध्ये थांबत होतं, पुन्हा चालत होतं. लाकडी झडप उघडली.

“तापमापकाच्या नळीतल्या काडीचं कुठलं टोक बघायचं?” कोकिळाने विचारलं.

“गोळ्यापासून लांबचं.” उत्तर लगेच आलं. “उणे सहा. पूर्णांक दोन.”

“डोळा रेषेत हाय का?”

“नाही.” थोडा वेळ गेला. “उणे सहा पूर्णांक चार.”

कोकिळाने लिहिलं.

“पाऊस?”

“रात्री थोडं हिम पडलंय. भांड्यात सगळं गोठून बसलंय, आई. नाही मोजता येत.”

“मग भांडं आत घेऊन ये. कोमट पाण्यात ठेव. विस्तवाशी नको नेऊस, आपसूक सुटू दे.”

“वेळ लागेल.”

“लागू दे.”

पावलं परत फिरली. दार लागलं. किटलीत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग ते उकळू लागल्याचा. तिकडे खुर्ची सरकली, आणि त्यानंतर सात आठवडे अडून राहिलेलं रडणं फोनमधून येऊ लागलं. ते थांबायचं नाव घेईना.

कोकिळाने पेन्सिल खाली ठेवली, आणि एका कानावरचा फोन काढून दुसऱ्या कानाला लावला.