छोट्या पत्त्यांचा वाटाड्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी पेटी चेपली आहे आणि पोटातल्या तारा बाहेर लोंबत आहेत. ज्या बाईने माझी ही गत केली, तिच्यावर माझा जराही राग नाही. का, ते सांगतो.

माझी उमेदीची वर्षं चाकणच्या एका कारखान्यात नटबोल्टांचा हिशेब ठेवण्यात गेली. थकलो तसं मला भंगारात टाकलं. तिथल्याच पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या बुद्धरत्नने मला उचलून दापोडीच्या आपल्या खोलीत आणलं. कारखान्यात कामगारांचे फोन गेटवरच जमा होत. आत कुणी एखादी लिंक सांगितली, तर हातभर लांबीचा तो पत्ता शिफ्ट सुटेपर्यंत ध्यानात कसा राहणार? पत्ते आखूड करून देणाऱ्या परक्या सेवेवर विसंबायचं नाही, असं बुद्धरत्नने ठरवलं. माझी पाटी कोरी करून त्याने फुकट मिळणारी प्रणाली चढवली, इंटरनेटवर एक आखूड नाव घेतलं आणि छोटासा प्रोग्राम बसवला. डावीकडे छोटा शब्द, उजवीकडे खरा लांब पत्ता, एवढाच कारभार. त्या नावापुढे कुणी 'रक्त' लिहिलं की मी त्याला रक्तपेढीच्या पानावर पोचवायचो. गल्लीच्या तोंडाशी बसलेला म्हातारा घर दाखवतो ना, तसा.

"भावा, बुद्धरत्नच्या डब्याला विचार," असं कंपनीच्या बसमध्ये लोक म्हणू लागले. मी अगदी फुशारून गेलो होतो.

मग बुद्धरत्नच्या सोबत काम करणाऱ्या किसनचा हात प्रेसखाली गेला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. पण माल जास्त निघावा म्हणून ठेकेदाराने एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. किसनची चार बोटं पत्र्याबरोबर चेचली गेली. रक्त धड पुसलंही नव्हतं, तोच प्रेस पुन्हा सुरू झाली. 'दारू पिऊन आला होता,' अशी ठेकेदाराने आवई उठवली. पण कुणीतरी चोरून आत नेलेल्या फोनवर व्हिडिओ काढला होता आणि त्यात पट्टी स्पष्ट दिसत होती. बुद्धरत्नने त्या व्हिडिओला छोटा पत्ता दिला, 'हात'. किसनने सरकारी तक्रारीत तोच लिहिला. अधिकाऱ्यांनी व्हिडिओ पाहिला तर किसन खरा, नाहीतर जन्मभराचा दारुडा.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदाराची तीन माणसं खोलीत घुसली. कुठल्याशा लग्नात किसन दारू पितोय, असा व्हिडिओ त्यांच्याकडे होता.

"राव, जास्त काय न्हाई. 'हात'चा पत्ता बदल. ह्यो टाक."

"नाही बदलणार," बुद्धरत्न म्हणाला.

त्यांनी त्याचा फोन फोडला, मग दात पाडले. मग त्याचा उजवा हात चौकटीत धरून दार आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. दार पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं.

"सोडा त्यांना! मी सांगते पासवर्ड!" त्याची बायको आम्रपाली किंचाळली.

त्यांनी पत्ता बदलला आणि पासवर्डही बदलला. बुद्धरत्नला शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. आम्रपालीला मात्र त्यांनी घरातच बसवलं आणि माझ्याजवळ सळई घेतलेला एक जण ठेवला. "उद्या साहेब येऊन जाईस्तोवर डबा बंद व्हायला न्हाई पायजे," त्याला बजावलं.

आणि मी? 'हात' विचारणाऱ्या प्रत्येकाला मी इमानेइतबारे खोटं दाखवत राहिलो. मला लाज वाटत होती, पण मला थांबता येत नव्हतं.

सकाळी आम्रपाली चटणी वाटायला बसली. पहारेकरी फोनमध्ये गुंगला होता. ती वरवंटा घेऊन उठली आणि तिने तो माझ्यावर घातला.

"खोटं बोलतोस? माझ्या घरात बसून खोटं बोलतोस?"

त्याने तिचे केस ओढले, पाठीत सळई हाणली. ती कळवळली, पण वरवंटा सुटला नाही. ती घालतच राहिली. माझा पंखा थांबला, चकती फुटली. मित्रांनो, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुढचं हाताला पट्टी बांधलेला किसनच आम्रपालीला सांगून गेला. अधिकाऱ्यांनी 'हात' उघडायला घेतलं, तर काहीच उघडेना. ठेकेदार गडबडला. "मग प्रत्यक्ष प्रेसच बघू," म्हणत अधिकारी उठले. खोट्या व्हिडिओच्या भरवशावर ठेकेदाराने बटणावरची चिकटपट्टीसुद्धा काढली नव्हती. दुसरा कामगार एका हाताने त्याच प्रेसवर काम करत होता.

मित्रांनो, माझ्या भावंडांना जपा, त्यांची धूळ पुसा. पण कुणी त्यांच्या तोंडून खोटं वदवू लागला आणि तुम्हाला ते दुसऱ्या कशानेच थांबवता येईना, तर आमची दयामाया करू नका. हाताला लागेल तो वरवंटा उचला.